मुंबई केंद्रशासित झाली तर आपला माणूस मंत्री होईल का?

मुंबई केंद्रशासित होणार, ही आवई दर दोन-चार वर्षांनी उठते. कधी सीमाप्रश्न तापला की, कधी निवडणूक जवळ आली की. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले की सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कर्नाटकातला मराठी भाग केंद्रशासित करा. त्यावर कर्नाटकचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी यांनी उलटा टोला हाणला की मुंबईवर आमचाही हक्क आहे, तोवर मुंबईच केंद्रशासित करा. दोन्ही बोलणी हवेत विरली. संयुक्त महाराष्ट्र झाल्यापासून असं कुठलंही सरकारी विधेयक संसदेत आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी घाबरून जायला नको.

पण या निमित्ताने दोन प्रश्न कुर्ला, जोगेश्वरी, मालवणी, घाटकोपरच्या घरांत फिरत राहिले. पहिला असा की केंद्रशासित प्रदेशातल्या माणसाला पंतप्रधान, राष्ट्रपती, केंद्रीय मंत्री होता येतं का? दुसरा थोडा दबक्या आवाजात विचारला जातो. मुंबई वेगळी झाली तर इथे आपला टक्का जास्त आहे, मग ते आपल्या फायद्याचंच नाही का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: होता येतं. राष्ट्रपतीसाठी घटनेच्या कलम ५८ मध्ये तीन मुख्य अटी आहेत. भारताचा नागरिक असावा, वय ३५ पूर्ण असावं, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता असावी. कुठल्या राज्यात जन्मला, कुठे राहतो, यावर एक अक्षर नाही. उपराष्ट्रपतीचंही तसंच, फक्त तिथे राज्यसभेची पात्रता लागते. पंतप्रधान आणि मंत्री कलम ७५ खाली येतात. मंत्री झाल्यावर सहा महिन्यांच्या आत कुठल्याही एका सभागृहाचा सदस्य व्हायचं, एवढंच. मतदारसंघ चंदीगडचा असो की चंद्रपूरचा, कायदा फरक करत नाही. अमेरिकेत पोर्टो रिको बेटावरचे लोक १९१७ पासून नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. आपल्याकडे मतदाराच्या बाबतीत तसा भेद नाही. एक भेद मात्र बरीच वर्षं होता. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत राज्यांचे आमदार मत देतात, पण दिल्ली आणि पाँडिचेरीच्या आमदारांना तो हक्क १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर मिळाला.

आता माणसं बघू. आणि यातली काही नावं आपल्या घरांत का माहीत नाहीत, याचं आम्हाला नवल वाटतं.

पाँडिचेरीचे एम. ओ. एच. फारूक. १९६७ मध्ये ते तिथले मुख्यमंत्री झाले तेव्हा तिशीही गाठली नव्हती. तीन वेळा मुख्यमंत्रिपद भूषवलं. १९९१ मध्ये पाँडिचेरीतून लोकसभेवर गेले आणि नरसिंह रावांच्या सरकारात नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले. पुढे सौदी अरेबियात भारताचे राजदूत, मग झारखंडचे आणि नंतर केरळचे राज्यपाल. एका छोट्या केंद्रशासित प्रदेशातला मुस्लिम नेता इतक्या पायऱ्या चढून गेला.

दुसरं नाव लक्षद्वीपचे पी. एम. सईद. अरबी समुद्रातली ही बेटं, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम साडेचौसष्ट हजार. आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डाएवढी वस्ती म्हणा ना. त्यातले ९६ टक्क्यांहून जास्त मुस्लिम. सईद १९६७ मध्ये तिथून लोकसभेवर गेले आणि ओळीने दहा निवडणुका जिंकले. केंद्रात राज्यमंत्री झाले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. २००४ मध्ये मात्र ७१ मतांनी हरले. फक्त ७१! तरीही मनमोहन सिंग सरकारात ते ऊर्जामंत्री झाले, कॅबिनेट दर्जाचे. सहा महिन्यांच्या अटीसाठी त्यांना राज्यसभेत पाठवलं ते दिल्लीतून. राज्यसभेच्या उमेदवाराने त्याच राज्याचा मतदार असावं, ही अट आदल्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, कायद्यातून काढून टाकली होती. म्हणजे पाहा, एका केंद्रशासित प्रदेशात हरलेला माणूस दुसऱ्या केंद्रशासित प्रदेशातून खासदार झाला आणि देशभराच्या विजेचं खातं सांभाळू लागला.

दिल्लीचे सिकंदर बख्त १९७७ मध्ये चांदनी चौकातून निवडून आले, केंद्रात मंत्री झाले, वाजपेयी सरकारात १९९८ मध्ये उद्योगमंत्री. खुद्द अटलबिहारी वाजपेयी १९७७ मध्ये नवी दिल्लीचे खासदार असताना परराष्ट्रमंत्री होते. पंतप्रधान झाले तेव्हा मात्र ते लखनौचे खासदार होते. केंद्रशासित प्रदेशाचा खासदार असताना पंतप्रधान झालेला आजवर एकही नाही, पण त्याचं कारण कायदा नव्हे, गणित आहे. सगळ्या केंद्रशासित प्रदेशांच्या मिळून लोकसभेच्या जागा वीसच्या आत आणि उत्तर प्रदेशाच्या एकट्याच्या ८०. पक्ष कुठे बघणार?

आणि गुलाम नबी आझाद तर आपल्याच महाराष्ट्राने घडवले. डोडाचा हा काश्मिरी तरुण १९८० मध्ये विदर्भातल्या वाशिममधून लोकसभेवर गेला, १९८४ मध्ये पुन्हा वाशिममधूनच. तिथूनच त्यांची केंद्रातली मंत्रिपदाची वाट सुरू झाली. वाशिमच्या मतदाराने त्यांना गाव विचारलं नाही.

तेव्हा कोणी छाती पिटून सांगत असेल की मुंबई केंद्रशासित झाली की आपली मुलं कधी मंत्री होणार नाहीत, तर ते खरं नाही. खरी गोची वेगळ्या ठिकाणी आहे.

खुर्ची तीच, पण

ओमर अब्दुल्ला यांचं उदाहरण घ्या. जम्मू-काश्मीर पूर्ण राज्य होतं तेव्हा ते वाजपेयी सरकारात परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री होते. २००९ ते २०१५ राज्याचे मुख्यमंत्री होते. ५ ऑगस्ट २०१९ ला संसदेत निर्णय झाला आणि ३१ ऑक्टोबरला राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. पूर्ण राज्याचा दर्जा असा काढून घेतल्याचं देशातलं हे पहिलंच उदाहरण. १६ ऑक्टोबर २०२४ ला ओमर पुन्हा मुख्यमंत्री झाले. शहर तेच, माणूस तोच. पण पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था आता नायब राज्यपालांकडे. जुलै २०२५ मध्ये १९३१ च्या शहिदांच्या कब्रस्तानात फातेहा पढायला त्यांना जायचं होतं. १३ जुलैला त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा फाटक बंद, आणि निवडून आलेला मुख्यमंत्री फाटकावर चढून आत उतरला. ते चित्रीकरण आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. ज्या पोलिसांनी अडवलं, ते त्यांच्या हाताखालचे नव्हतेच.

लक्षद्वीपकडे परत जाऊ. सईद साहेब देशाचे ऊर्जामंत्री झाले, पण लक्षद्वीपला विधानसभा नाही. बेटांचा कारभार केंद्राने नेमलेला प्रशासक बघतो. डिसेंबर २०२० मध्ये प्रफुल्ल खोडा पटेल प्रशासक झाले. (आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल नव्हेत, हे गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री.) २०२१ मध्ये त्यांनी काही नियमांचे मसुदे काढले. गोमांसावर बंदी, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्याला पंचायत निवडणुकीस मनाई, विकासासाठी जमीन घेण्याचे मोठे अधिकार, आणि ज्या बेटांवर गुन्हे नावालाच, तिथे गुंडा कायदा. बेटांवरची माणसं घरात बसून उपोषणाला बसली. तिथले खासदार महंमद फैजल तेव्हा शरद पवारांच्या पक्षाचे, त्यांनी दिल्लीत दारोदार फिरून गाऱ्हाणं मांडलं. लक्षद्वीपसाठी ठराव कुठल्या विधानसभेने केला? केरळच्या, ३१ मे २०२१ ला. कारण लक्षद्वीपला स्वतःची विधानसभाच नाही.

गोव्याचं तर आपल्याला जवळून ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात यायला नकार दिला आणि केंद्रशासित राहणं पसंत केलं. दयानंद बांदोडकर, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री म्हणून गाजले. पण वीस वर्षांत त्याच गोव्याला कळलं की महाराष्ट्रात जायचं नसलं तरी स्वतःचं राज्य पाहिजे. ३० मे १९८७ ला ते मिळालं. मिळाल्यावर परत केंद्रशासित व्हावं अशी मागणी गोव्यात कोणी केल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

टक्का कशातला?

आता दुसरा, दबक्या आवाजातला प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साधारण साडेअकरा टक्के, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात एकोणीस टक्क्यांच्या आसपास. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी दहा मुस्लिम आमदार निवडून आले. त्या दहापैकी पाच मुंबईचे, आणि पाचांतले चार उपनगरातले: मालाड पश्चिमचे अस्लम शेख, वर्सोव्याचे हारून खान, अणुशक्तीनगरच्या सना मलिक, मानखुर्द-शिवाजीनगरचे अबू आझमी. मुंबईच्या ३६ जागांत पाच म्हणजे चौदा टक्के. २८८ मध्ये दहा म्हणजे साडेतीन टक्के. हे आकडे बघितल्यावर कोणाच्याही मनात येईल की वेगळं झालेलं बरं.

पण टक्का कशातला वाढेल, हे बघा. समजा मुंबईला दिल्लीचा नियम लावला. घटनेच्या कलम २३९ कक प्रमाणे दिल्लीच्या विधानसभेला सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन या तीन विषयांवर कायदा करता येत नाही. मुंबईत माणसाचं आयुष्य ज्या दोन गोष्टींभोवती फिरतं, ती जमीन आणि पोलीस, नेमक्या त्याच हातातून गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसन, म्हाडाच्या इमारती, कब्रस्तानासाठी राखीव प्लॉट, मशिदीच्या भोंग्याची परवानगी, जुलूसचा रस्ता, सगळं यात येतं. मंत्र्यांची संख्याही घ्या. राज्यात आमदारांच्या पंधरा टक्के मंत्री करता येतात, महाराष्ट्रात म्हणून ४३. दिल्लीत मर्यादा दहा टक्क्यांची, ७० आमदारांत सात मंत्री. ३६ आमदारांना तोच हिशेब लावला तर तीन. त्या तिघांत आपला एक बसेल, असं कोण लिहून देणार?

दिल्लीत हे घडून गेलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आम आदमी पक्षाने ७० पैकी ६२ जागा जिंकल्या, पाच मुस्लिम आमदार आले. त्याच महिन्यात ईशान्य दिल्लीत दंगल झाली, ५३ माणसं मेली. लोक आमदारांना फोन करत होते आणि ६२ जागांच्या सरकारला एका हवालदारालाही हुकूम देता येत नव्हता. पुढे ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा अधिकार दिल्ली सरकारला दिला, तर आठ दिवसांत अध्यादेश काढून केंद्राने तो काढून घेतला.

पोलीस राज्याचे असले म्हणजे सगळं आलबेल असतं, असं मुंबईच्या मुसलमानाला कोणी सांगू नये. १९९२-९३ मध्ये इथले पोलीस राज्याचेच होते. श्रीकृष्ण आयोगाने त्यांच्यावर काय लिहिलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण तो आयोग नेमला राज्य सरकारने, १९९६ मध्ये गुंडाळला राज्य सरकारने, आणि ओरड झाल्यावर चार महिन्यांत पुन्हा सुरू करावा लागला तोही राज्य सरकारलाच. मंत्रालय चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि तिथे बसलेल्यांना आपली मतं मागायला यायचंच होतं.

राज्याच्या मुख्यमंत्र्याला काय करता येतं, हे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी दाखवलं. जून १९८० ते जानेवारी १९८२, दीड वर्षाचाच काळ. त्यात संजय गांधी निराधार योजना आली, जिच्यावर आजही आपल्या गल्लीतल्या विधवा आणि अपंग माणसांची चूल पेटते. सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले, कुलाब्याचं रायगड झालं. पुढे सिमेंट प्रकरणात त्यांना जावं लागलं, तो इतिहास वेगळा. मुद्दा असा की आंबेत गावचा हा कोकणी मुसलमान श्रीवर्धनमधून आमदार झाला आणि राज्याचा नकाशा बदलू शकला. फारूक साहेब पाँडिचेरीचे तीनदा मुख्यमंत्री होते, पण प्रत्येक मोठ्या कागदावर त्यांना नायब राज्यपालांची सही लागायची.

आणखी एक बाजू आपण मुंबईकर विसरतो. मुंबई वेगळी झाली तर उरलेल्या महाराष्ट्राच्या २५२ आमदारांत मुस्लिम राहतील पाच: कागल, सिल्लोड, मालेगाव, भिवंडी आणि अकोला. परभणी, नांदेड, बीड, बुलढाण्याच्या आपल्या भाऊबंदांसाठी सभागृहात बोलणारा आवाज निम्मा होईल. अंधेरीत राहणाऱ्या किती घरांची मुळं रत्नागिरी-रायगडात आहेत! घर इथे आणि सातबारा तिथे, अशी अवस्था. त्यांना गावच्या कामासाठी वेगळ्या राजधानीत जावं लागेल.

१९५६ मध्ये हे सगळं जवळजवळ होऊन गेलं होतं. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली. चिंतामणराव देशमुखांनी त्यावरून अर्थमंत्रिपद सोडलं. राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात मुंबई केंद्रशासितच होती. आंदोलनात शंभरावर माणसं गोळीबारात गेली. शेवटी ऑगस्टमध्ये विधेयक बदललं, १ नोव्हेंबरला द्विभाषिक आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. तेव्हा बोरिवली आणि मुलुंड बृहन्मुंबईच्या हद्दीतही नव्हते, ते १९५७ मध्ये आले. शाहीर अमर शेख हे त्या लढ्यातले आघाडीचे नाव. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्र फक्त दुसऱ्यांनी मिळवला आणि आपण पाहुणे म्हणून राहतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नाव मुलांना सांगावं.

नेमलेल्या माणसाचं राज्य कसं असतं, याची चव उपनगरांनी घेतलेलीच आहे. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे होता. नाला तुंबला, पाण्याचा दाब कमी झाला, शाळेचं छत गळलं, तर कोणाकडे जायचं? माजी नगरसेवक म्हणायचे, माझ्या हातात काही नाही. वॉर्ड ऑफिसमधला साहेब म्हणायचा, अर्ज ठेवून जा. लक्षद्वीपवाल्यांचं रोजचं आयुष्य साधारण असंच समजा.

मग आपली माणसं वर का जात नाहीत? जून २०२४ मध्ये केंद्रात जे मंत्रिमंडळ झालं त्यात एकही मुस्लिम मंत्री नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शपथ घेतलेल्यांत एकटे हसन मुश्रीफ. त्याआधी लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ जागांवर महायुती आणि महाविकास आघाडी या दोघांनी मिळून एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. माजी मंत्री नसीम खान यांनी तेव्हा नाराज होऊन काँग्रेसच्या प्रचाराला नकार दिला होता. यातलं काहीही घटनेच्या कलमाने झालेलं नाही. तिकीट वाटणाऱ्यांच्या बैठकीत झालं आहे, आणि मुंबई केंद्रशासित झाली तरी ती बैठक तशीच भरणार.

हेच नसीम खान २०१९ मध्ये चांदिवलीतून ४०९ मतांनी हरले होते. सईद ७१ मतांनी हरले तरी पक्षाने त्यांना राज्यसभा दिली, मंत्री केलं. चांदिवलीत ४०९ मतं म्हणजे साकीनाक्याच्या दोन-चार चाळी. आपल्या भागात भाड्याचं घर बदलल्यावर मतदार यादीत नाव तसंच जुन्या पत्त्यावर पडून राहतं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरीच राहतं. ते फॉर्म ८ भरून बदलता येतं, ऑनलाइनही भरता येतो.

आणि कलम ३ प्रमाणे राज्याची हद्द बदलताना राष्ट्रपतींना त्या राज्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं. ते मत संसदेवर बंधनकारक नाही, पण मागवावं लागतं. पुढच्या वेळी कोणी केंद्रशासित मुंबईची पुडी सोडली, तर आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा आणि धर्माचा असो, एवढंच विचारा: तुमच्या पोलीस ठाण्याचा साहेब आणि आमच्या वस्तीखालची जमीन उद्या कोणाच्या हुकमात असेल, आणि त्या दिवशी सभागृहात तुम्ही कुठल्या बाजूला उभे राहणार?